केसाळविजाऱ्यांचा पुरावा

टीव्ही बघताना कोणाच्या शेजारी बसावं याचे नियम कोणी केलेले नाहीत. कोणाच्या शेजारी मुळीच बसू नये, याचा मात्र एक नियम आमच्या घरात आहे, आणि तो नियम म्हणजे आमच्या हिचे मामा. मामा मूळचे नागपूरचे. गेली पंचवीस वर्षं ते सिएटलजवळ रेडमंडला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहेत. म्हणजे लोकांनी दिवसभर खपून काहीतरी बनवायचं आणि मामांनी संध्याकाळपर्यंत त्यात काय चुकलंय ते सांगायचं. या कामाचा त्यांना पगार मिळतो ही गोष्ट मामींना अजून पटलेली नाही. 'घरी हे सगळं फुकटच करतात की,' असं त्या म्हणतात. स्वतःच्या लग्नातसुद्धा मंगळसूत्र बांधायच्या आधी यांनी भटजींना 'वाट्या दोनच का?' म्हणून विचारलं होतं म्हणे, आणि उत्तर येईपर्यंत मुहूर्त टळायला आला होता. मामांचा आवडता शब्द एकच: 'पुरावा?' हा शब्द ते इतक्या सौम्यपणे उच्चारतात, की समोरच्याला आधी वाटतं हे चहा घेणार का विचारताहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळी हिवाळ्यात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाबा घरात बसून कंटाळतील म्हणून त्यांच्या लेकीनं, सईनं, त्यांना व्हायकिंग लोकांवरची एक लोकप्रिय मालिका लावून दिली. तिनं हे चांगल्या मनानं केलं, पण आपण काय केलं हे तिला दुसऱ्या दिवशीच कळलं. मामांनी पहिल्या भागापासून बग लिहायला घेतले होते. रीतसर तक्ता होता: भाग कितवा, मिनिट कितवं, दाखवलं काय, इतिहासात काय, चूक किती गंभीर. पाऊण तासाचा एक भाग बघायला त्यांना साडेतीन तास लागायचे. मी एकदा त्या तडाख्यात सापडलो. पडद्यावर डोळ्यांत काजळ घातलेला, वेण्या घातलेला एक धिप्पाड गडी कुऱ्हाड उगारून धावत सुटला होता. ती कुऱ्हाड कोणाच्या तरी डोक्यात बसायच्या आत मामांनी ती हवेतच थांबवली आणि म्हणाले, "जावईबापू, हे दोघे भाऊ दाखवलेत. एक तर होऊन गेला की नाही हेच नक्की नाही, आणि दुसरा खरा आहे, पण तो पुढच्या पिढ्यांतला. आजोबा शोभावा असा माणूस अन् त्याचा नातू, दोघं एका पाळण्यात! सिव्हिअर बग आहे बाप्पा!" मग ती कुऱ्हाड वीस मिनिटं तशीच हवेत होती आणि मी थंड झालेली भजी खात होतो.

ती परकी नावं मामींच्या जिभेवर बसेनात, म्हणून मामांनी त्यांचं मराठीकरण करून टाकलं. या मंडळींना आडनावं नसत, टोपणनावं असत, आणि ती भलती स्पष्ट असत. मालिकेच्या नायकाच्या टोपणनावाचा अर्थ म्हणे 'केसाळ विजारवाला'. मामांनी त्याचं 'केसाळविजारे' केलं. त्याच्या एका मुलाला 'बिनहाडाचा' म्हणत, तो 'बिनहाडे' झाला. दुसऱ्याच्या डोळ्यात साप होता, तो 'सर्पनेत्रे'. तिसरा लोखंडी बरगड्यांचा. त्याच्यासाठी काही खटपटच करावी लागली नाही, तो सरळ 'लोखंडे'. त्यानंतर मामांच्या घरातलं बोलणं ऐकणाऱ्याला ही सगळी मंडळी पलीकडच्याच गल्लीत राहतात असं वाटे. "बिनहाडे हे केसाळविजाऱ्यांचे चिरंजीव, याला समकालीन पुरावा नाही," असं मामा भाजी निवडताना म्हणत. एकदा महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्या निघताना मामींना हळूच म्हणाल्या, "अगं, हे बिनहाडे कोण गं? मंडळात कधी दिसले नाहीत. आणि त्यांच्या जन्माबद्दल असं चारचौघांत बोलावं का भावोजींनी?"

मामांचा मुद्दा मात्र चोख असे. केसाळविजाऱ्यांच्या कथा, म्हणजे त्यांना सापांच्या खड्ड्यात टाकून मारलं वगैरे, या शेकडो वर्षांनी लिहिलेल्या. "बखरी आहेत या, बखरी! वाचायला झकास, कोर्टात उभ्या राहायच्या नाहीत." पण मुलांपैकी काहींची नावं मात्र त्या काळच्या नोंदींत आहेत, त्यांनी इंग्लंडात मोठी फौज नेली हेही खरं. "म्हणजे बघा, पोरांचा पुरावा आहे, बापाचा नाही!" असं म्हणून मामा खूश होऊन टाळी मागत. मामी म्हणत, "आपल्याकडे बापाचं नाव मध्ये लावतात तेच बरं."

सत्याचा शोध मामा फक्त टीव्हीपुरता ठेवत नसत. शिरस्त्राणाला शिंगं नव्हती, हा त्यांचा मुख्य प्रचार. हॅलोवीनला शिंगांचं टोपडं घालून दारात आलेल्या एका चिमुरडीला त्यांनी चॉकलेट देण्याआधी दहा मिनिटं समजावून सांगितलं, की शिंगं ही नंतरच्या नाटकवाल्यांची करामत. तिची आई छत्री धरून पावसात उभी होती. पुढच्या वर्षी तीच मुलगी साध्या पातेल्यासारखं काहीतरी डोक्यावर घालून आली आणि दारातूनच ओरडली, "नो हॉर्न्स, अंकल!" मामांनी चॉकलेटचं अख्खं भांडं तिच्या पिशवीत उपडं केलं, आणि मागून आलेल्या मुलांना मामींनी घरातल्या राजगिऱ्याच्या वड्या वाटल्या. व्हायकिंग लोक दर शनिवारी न्हात आणि त्यांच्या भाषेत शनिवारला 'न्हाण्याचा वार' म्हणत, हे कळल्यावर मामांनी शनिवारचं तेल लावून न्हाणं सुरू केलं. उत्खननात या लोकांचे कंगवे फार सापडतात, म्हणून एक शिंगाचा कंगवा मागवला. मामांच्या डोक्यावर विंचरण्याजोगं काही उरलेलं नाही, त्यामुळे तो कंगवा ते मिशीवरून फिरवतात.

तर अशा माणसाच्या घरी सई एक दिवस आपल्या मित्राला घेऊन आली. मित्राचं नाव नील्स. घराणं नॉर्वेहून तीन-चार पिढ्यांपूर्वी सिएटलला आलेलं. पोरगा उंच, लाजाळू, आणि तिखट खाताना डोळ्यांतून पाणी आलं तरी ताट स्वच्छ करणारा. मामींनी नागपूरला फोनवर सांगताना पहिल्याच दिवशी त्याचं 'नीलेश' करून टाकलं. सगळं छान चाललं होतं. आणि जेवण झाल्यावर नील्स सहज म्हणाला की, माझी आजी सांगते, आम्ही थेट त्यांचे वंशज आहोत. कोणाचे? केसाळविजाऱ्यांचे. सईला ठसका लागला. मामांनी वाटीतला श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला. "बाबा, प्लीज," सई म्हणाली, "हा बग लो प्रायॉरिटी ठेवा ना." त्या दिवशी मामांनी खरोखरच तोंड मिटून घेतलं, आणि त्यांचं तोंड मिटलेलं बघून मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण ती आजी! सिएटलमध्ये बॅलर्ड भागात, कोळ्यांच्या जुन्या वस्तीत तिचं छोटं घर आहे. लग्न ठरल्यावर आम्ही सगळे तिच्याकडे गेलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, वाळक्या खारकेसारखी बाई, पण उभ्या उभ्या आमच्यासाठी बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटत होती. मामींनी न विचारता दुसरं लाटणं उचललं, आणि दोघी एका शब्दाच्या देवघेवीशिवाय दहा मिनिटांत मैत्रिणी झाल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रेममध्ये एक वंशवृक्ष होता. तो तिच्या नवऱ्यानं, आर्नेनं, स्वतःच्या हातानं काढला होता. आर्ने आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर होता. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. वृक्षाच्या शेंड्यावर, लाल शाईनं, केसाळविजारे विराजमान होते. सईनं आजीला सांगितलं होतं, की आमच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव सगळ्यांसमोर पुकारतात. आजीनं पिठाचे हात पुसले आणि मामांना विचारलं, "मग ते वरचं नावही घ्याल का? आर्नेला फार बरं वाटलं असतं. एवढ्या लोकांत त्याचं म्हणणं कोणी कधी मोठ्यानं म्हटलं नाही."

गुरुजींना नावांची चिठ्ठी मामांनीच लिहून द्यायची होती. झालं! मामांची झोप उडाली. ते नॉर्वेतल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या इंटरनेटवर बघायला लागले. ते गिचमिड अक्षर घरातल्या कोणालाच लागेना, पण मामांनी तरुणपणी हौसेनं मोडी शिकलेली, "मोडी वाचणाऱ्याला याचं काय भेव?" म्हणून ते भिंग घेऊन बसले. आर्नेचे वडील सापडले, आजोबा सापडले, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे खापरपणजोबा सापडले, आणि सोळाशेच्या सुमाराला वह्याच संपल्या. तिथून केसाळविजाऱ्यांपर्यंत आठशे वर्षांचा कोरा कागद! "लिहून टाका हो एक नाव," मामी म्हणाल्या, "जगबुडी होणार आहे का?" मामा म्हणाले, "न तपासलेलं मी आजवर पास केलेलं नाही." सई तर रडकुंडीला आली होती. आजीनं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती आपल्या बापामुळे अडणार, ही भीती तिला खात होती. ती मला म्हणाली, "जिजू, आय नो हिम. ऐन मांडवात माइक घेऊन पुरावा मागतील ते."

लग्नाच्या आठ दिवस आधी गुरुजी घरी आले. गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार सत्यनारायण. त्या दिवशी ते कंपनीतली मीटिंग उरकून थेट आलेले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "मुलाचं गोत्र?"

"त्यांच्यात नसतं," मामा म्हणाले.

"मग काश्यप लावतो. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप."

"पुरावा?" मामा म्हणाले.

गुरुजींनी चष्मा काढला. "मामा, तुमचं गोत्र कोणतं?"

"भारद्वाज."

"पुरावा?"

मामांचा हात मिशीपाशी गेला आणि तिथेच राहिला. पंचवीस वर्षं जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला आपलीच मूळ नोंद तपासायची राहून गेली होती. शेवटी ते म्हणाले, "माझे वडील सांगायचे." गुरुजी म्हणाले, "त्यांना कोणी सांगितलं?" "त्यांच्या वडिलांनी." "मग त्या आर्नेंनाही त्यांच्या वडिलांनीच सांगितलं असेल. मामा, आपल्या भारद्वाज ऋषींचा जन्मदाखला निघाला की मला व्हॉट्सॲप करा, तोवर मी काश्यप लिहू की काय लिहू?"

मामा उठून आतल्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी चिठ्ठी घेऊन आले. बाप, आजोबा, पणजोबा, तिन्ही नावं तारखांसह. खाली लिहिलं होतं: गोत्र – केसाळविजारे. गुरुजींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, केसाळ म्हणजे लोमश! लोमश ऋषी आपल्यात आहेतच की. लोमशगोत्र! फर्स्टक्लास!" सई बापाच्या गळ्यात पडली. मामी देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

लग्नात गुरुजींनी 'लोमशगोत्रोत्पन्न' असा खणखणीत उच्चार केला, आणि मग आजीला कळावं म्हणून त्या पुराणपुरुषाचं मूळ नाव एकेक अक्षर सुटं करून माइकवर घेतलं. त्यानंतर पणजोबांचं. त्यानंतर आर्नेचं नाव आलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजीनं, शाळेत हजेरी घेताना करतात तसा, हात वर केला. मामींनी तिला नेसवलेल्या जांभळ्या साडीचा पदर खांद्यावरून घसरला, पण तिनं हात खाली घेतला नाही. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. कोकणस्थ, देशस्थ, वऱ्हाडी, नॉर्वेजियन, सगळे वाजवत होते, आणि अक्षता वेळेआधीच पडल्या.

जेवणं झाल्यावर आजीनं मामांना जवळ बोलावलं. सई माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. आजी म्हणाली, "तुम्ही एवढं शोधलंत म्हणे. मग, खरं आहे का ते?"

मामांना खोटं बोलता येत नाही. तो अवयवच त्यांना नाही. ते तिच्या खुर्चीपाशी, ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत, हळूहळू खाली बसले आणि म्हणाले, "मला अजून सापडलं नाही. पण मी शोधतो."

"शोधा," आजी म्हणाली, "घाई नाही." आणि त्यांच्या हातावर थोपटून तिनं आणखी एक जिलबी मागितली.

या फेब्रुवारीत आजी गेली. झोपेतच गेली. सई आणि नील्सनं तो वंशवृक्ष आपल्या घरी नेला. परवा रविवारी मी मामांकडे गेलो, तर बाहेर पाऊस लागलेला, मामी छत्री घेऊन फिरायला गेलेल्या, आणि मामा भिंग घेऊन कुठल्यातरी गावच्या नोंदवहीवर वाकलेले. सोळाशेच्या मागे वह्या नाहीत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, "मामा, आता कोणासाठी शोधताय?"

त्यांनी मान वर केली नाही. "आजींना म्हणालो होतो ना, शोधतो म्हणून," ते म्हणाले, आणि पुढचं पान उघडलं.