मेणातला तुकडा

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला मेडशीहून अकोल्याला जाणारी ती एसटी आठवते. नवऱ्याच्या मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा दवाखान्याने मेणाच्या वडीत बसवून दिला होता. अकोल्याच्या प्रयोगशाळेत त्यातलं एक प्रथिन तपासलं की कॅन्सर किती जहाल आहे ते कळणार होतं. उन्हानं मेण वितळेल म्हणून मी वडी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली. "माह्याहून त्यालेच जास्त जपून राह्यली तू," हे हसून म्हणाले, आणि मी लाजून खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "प्रथिन फार वाढलंय. आजार झपाट्यानं पसरेल." यांनी एवढंच विचारलं, "तूर सोंगाले तरी मी असन ना?" आज तूर पुन्हा फुलावर आहे, ती सोंगून, कापून घरी आणायला मी एकटीच.