दारावरचा डहाळा

हे आजवर माह्या घराच्या भिंतीबाहेर गेलं नाई. नवरा गेला, त्याच्यासंगं अर्धी गोष्ट गेली — उरलेली माह्याजवळ. आज तुमाले सांगतो. कायले? ते मलेही ठाऊक नाई.

बाभुळगावले आमचं मातीचं, कवेलूचं घर. दोन खोल्या, मांगं कापूस भराची एक. लहान, पन आपलं. वच्छलाचं तसं नव्हतं. ती माह्यासंगं कापूस वेचाले येत होती. नवरा यवतमाळले कापसाच्या जिनात कामाले, अन् ती लहान्या पोट्टीले घेऊन भाड्याच्या खोलीत. नुकतेच ते लोक बौद्ध झालते. घरातले देव तिनं सोताच्या हातानं नदीत सोडलते. तिले म्या म्हटलं होतं, "काई झालं त मांगची खोली तुहीच समज वं." बोलाले काय जाते, नाई?

मंग गावात देवीची साथ आली. दारोदारी लिंबाचे डहाळे लागले. डहाळा दिसला का कोनी उंबरा ओलांडत नाई, अन् त्या घरचं कोनी विहिरीवर जात नाई. ज्याचं घर, त्यानं दार लावून घ्याव. पन ज्याचं दारच दुसऱ्याचं, त्यानं काय लावाव?

वच्छलाच्या पोट्टीले फोड आले, अन् मालकानं त्याच दिवशी तिले खोलीबाहेर काढलं. शेजारीन धावत सांगाले आली, "ती तुह्याकडंच याले निंघाली." आत माह्यं एकुलतं एक पोट्टं खेळत होतं. तिले नाई म्हनाले मले तोंड नव्हतं. म्हून म्या — म्या परसातल्या लिंबाचा डहाळा तोडला अन् आपल्याच दारावर बांधला. घरात कोनी आजारी नव्हतं — ना नवरा, ना पोट्टं, ना मी. कोनी शिंकतही नव्हतं!

फटीतून पाह्यलं. पोट्टीले खांद्यावर घेऊन ती आली, डहाळा पाहून थबकली. "माय वं, तुह्याही घरी!" येवढंच म्हटलं, अन् वापस फिरली. गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात जाऊन राह्यली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पान्यानं भरलेला पितळी गुंड. तिले विहिरीवर कोन येऊ देते? आजारी लेकरू निजवून, नदीवरून आनलेलं पानी. बाहेरूनच म्हने, "घे वं, तुले निंघता येत नाई ना? भेऊ नको. देवी-बिवी काई नसते, रोग हाये, उतरते." ती वळल्यावर म्या गुंड आत घेतला.

मंग रोज गुंड. अन् मी? देवीच्या घरी फोडनी देत नाईत, वासानं बिंग फुटन, म्हून बिनफोडनीचं रांधत होतो — अन् तिचं पानी पीत होतो. बापा! कोन्या मातीची बाई होती ती?

पोट्टी वाचली. पन एक डोळा गेला.

साथ सरल्यावर लेकीले घेऊन ती ओसरीवर आली. माह्या पोट्ट्याचं तोंड दोन्ही हातात धरलं, उजेडाकडं फिरवलं. देवीचा एक वन नाई. मले वाटलं, आता समजलं हिले. अन् ती हासली हो — डोळ्यात पानी, अन् मनापासून हासली.

"पाह्य ना, एक डाग नाई! आपलं घर होतं, म्हून निभावलं. लय बरं झालं वं."

म्या म्हटलं, "हो." अन् तिचा गुंड घासून तिच्या हाती देल्ला.