डोरथी आजींचं गाव

मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. आई फोनवरून ‘पोरीची दृष्ट काढ’ म्हणाली तरी वैतागतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण त्याहून जास्त लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला राहतो. शेजारच्या डोरथी आजी नव्वदीच्या, मूळच्या इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या. त्यांच्या नवऱ्यानं ते अख्खं गाव त्यांना लाकडात, खेळण्याएवढं करून दिलं होतं — चर्च, पाणचक्की, शाळा, पब आणि गावाबाहेरचा अनाथाश्रम. प्रत्येक इमारतीचा इतिहास आजींना तोंडपाठ. चर्चचा मनोरा बुटका, कारण दगड पुरला नाही. चक्की त्यांचे आजोबा चालवायचे. अनाथाश्रमाबद्दल मात्र एकच वाक्य, ‘आई आजारी होती तेव्हा सहा महिने मी तिथे होते.’

वृद्धाश्रमात जाताना त्यांनी ते गाव आमच्या गॅरेजमध्ये ठेवलं. म्हणाल्या, ‘सांभाळ हं. आता माझं एवढंच घर उरलंय.’ वृद्धाश्रमात फोन नंबरही माझाच दिला.

दिवाळीत माझ्या मुलीनं, ईरानं, गॅरेजमध्ये किल्ला केला. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव हवंच, म्हणून मी आजींचंच मांडलं. दिवाळी संपली की आम्ही लहानपणी किल्ला फटाक्यांनी उडवायचो. इथे फटाके कुठले, म्हणून पायांनी तुडवायचा.

‘बाबा, व्हिलेज टू?’ ईरानं विचारलं.

त्या पसाऱ्यापायी माझी गाडी किती दिवस बाहेर थंडीत उभी होती. मी जाम वैतागलो होतो. ‘हो, ते पण,’ म्हणालो. ‘उडव सगळं.’

तिनं आधी चर्चवर पाय दिला. मग चक्की, शाळा, पब. अनाथाश्रम तेवढा दणकट निघाला, फुटला नाही.

तासाभरात वृद्धाश्रमातल्या नर्सचा फोन. आजी दुपारी एकदम किंचाळायला लागल्या होत्या — ‘मनोरा पडला... चक्की गेली... शाळा...’ अगदी याच क्रमानं.

मी माफी मागायला धावलो. चर्चचं नाव काढलं तर म्हणाल्या, ‘कुठलं चर्च?’ चक्की नाही, आजोबा नाहीत, नवराही आठवेना. आठवत होता तो फक्त अनाथाश्रम. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, ‘आई आज न्यायला येणार ना?’

डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. असेलही. पण तेव्हापासून आजी रोज सकाळी कोट घालून दारापाशी बसतात आणि संध्याकाळी हमसून रडतात.

माझी बायको मेधा म्हणाली, ‘तेवढा अनाथाश्रमही फोडून टाक ना रे. सुटतील बिचाऱ्या.’

मलाही पटलं. गेल्या रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन मी हातोडा उचलला... आणि खिशातला फोन वाजला. नर्सच होती.

‘डोरथी टेबलाखाली शिरल्यात. डोकं हातांनी झाकून ओरडतायत — नको, मी आत आहे, मी आत आहे!’

मी हातोडा खाली ठेवला. हे काय आहे ते मला आजही कळलेलं नाही, आणि सांगू शकेल असं कुणी भेटलेलंही नाही. तो अनाथाश्रम मी गॅरेजमधल्या वरच्या फळीवर ठेवलाय, कुणाचा धक्का लागणार नाही असा. आज सकाळी नर्सला फोन केला. आजी कोट घालून बसल्यात म्हणाली.