राखाडी झाकण

"साखर नाई म्हणता, तं मंग जखम काऊन भरून नाई राह्यली?"

सुमनबाई रिपोर्ट घेऊन आमच्या लॅबच्या खिडकीत उभ्या होत्या. हिंगणघाटकडच्या खेड्यातून दोन बस बदलून वर्ध्याला आलेल्या. पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. साखर नॉर्मल आली म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राने पाठवलेल्या रक्तातून ती साखर आमच्याच लॅबने काढली होती आणि रिपोर्टवर सही माझी होती.

त्यांना बाकावर बसवून मी इन्चार्ज सरांकडे गेले. सर म्हणाले, कॅलिब्रेशन झालंय, कंट्रोल बरोबर आहे. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असा नमुना. मी म्हटलं, मशीन बरोबर आहे, पण त्या एकाच आरोग्य केंद्राच्या साखरा कमी का येतात? रजिस्टर उघडून पुढे ठेवलं.

सरांनी पाहिलंही नाही. "खेड्यातले लोक मेहनत करतात, मॅडम. साखर कमीच राहीन. आपलं काम आकडा देणं. काऊन-बिऊन डॉक्टर पाह्यतीन."

माझं डोकंच फिरलं. एम.एस्सी. झालेला माणूस हे बोलत होता. स्वतःचाही राग आला, कारण ते रजिस्टर मीच रोज भरत होते.

मी सुमनबाईंचं रक्त घेतलं. अर्धं लगेच मशीनला लावलं. अर्धं लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये टेबलावर ठेवलं, केंद्राची गाडी नमुने घेऊन येते त्या वेळेपर्यंत. सकाळी १९८ आली. दुपारी त्याच रक्ताची १३९. ट्यूबमधल्या रक्तातल्या पेशीही साखर खात राहतात. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची ट्यूब वापरतात. तिच्यात हे खाणं थांबवणारी पावडर असते.

पण केंद्राकडून येणाऱ्या ट्यूबना झाकणं राखाडीच होती. मी तिथल्या सिस्टरला फोन लावला. ती रडायलाच लागली.

"राखाडी ट्यूबा कधीच्याच संपल्या, ताई. चार वेळा मागणी केली. लाल पाठवली का तुमची लॅब परत पाठवते. पेशंटले पुन्हा सुई टोचा लागते. म्हणून जुनी राखाडी झाकणं धुऊन लालवर लावून राह्यली."

तिच्यावर काय रागावणार? आम्ही फक्त झाकणाचा रंग पाहून नमुने घेत होतो. आत पावडर आहे का, हे विचारायला आम्हाला सवड नव्हती.

दुपारचा आकडा सरांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे ते हलले. त्या केंद्राच्या सगळ्या पेशंटची तपासणी पुन्हा झाली. कित्येकांच्या गोळ्या परत सुरू झाल्या. सुमनबाईंना मात्र उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला.

वरून विचारणा आली, तेव्हा उत्तरात सिस्टरचं नाव गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी सही करायला नकार दिला, तर सरांनी ती दुसऱ्याकडून घेतली. पुढच्या आठवड्यात आमच्या खिडकीवर बोर्ड लागला: रिपोर्टबद्दल येथे प्रश्न विचारू नयेत.

आमच्या लॅबमध्ये सायन्सचे पदवीधर पाच. प्रश्न विचारला तो चौथी शिकलेल्या बाईने, आणि अंगठा गेला तोही तिचाच.