ताई चीमधली माझी लेझीम

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—नवऱ्यालाही नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते.

इथे विनिपेगला कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आमचा ताई चीचा वर्ग भरतो. लिनबाई शिकवतात—त्यांच्या वडिलांनी शिकवलं तसंच्या तसं. नियम एकच. प्रवाह तोडायचा नाही. चुकलात तरी चालेल, हात थांबता कामा नयेत. थांबले की आत वाहणारी शक्ती, ती ‘ची’, तिथेच अडते म्हणे. मला कधी जाणवली होती का ती? छे! गुडघे तेवढे जाणवायचे. पण जीव रमायचा.

एका हिवाळ्यात बाई मुलीच्या बाळंतपणाला टोरांटोला गेल्या, तेव्हा आमचं आम्हीच करत होतो. आता यातली गोम अशी, की मध्येच सगळे पाठ फिरवतात आणि मागची रांग पुढे येते; एरवी तेव्हा बाई आमच्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. मी कायम मागच्या रांगेत, दुसऱ्याचं बघून करणारी. त्या दिवशी वळले—आणि पुढे कुणीच नाही! डोकं कोरं. अख्खा वर्ग माझ्या हातांकडे बघतोय. थांबायचं तर नाही. मग काय करणार? शाळेतली लेझीम काढली. खाली वाकून हात जवळ, वर येत लांब, उजवीकडे, डावीकडे—अगदी सावकाश. वर्गाने मुकाट उचलली. आणि खरं सांगू? त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तळहातांत ऊब धावली. इतका आनंद झाला!

इथपर्यंत नुसती चूक होती. पण ती वर्गाच्या अंगवळणी पडली, आणि बर्फ वितळायच्या सुमारास बाई परतल्या. ही हालचाल कुणी शिकवली, त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले—वाँगआजोबांनी. म्हणजे बाईंच्या वडिलांचे सर्वांत जुने शिष्य. आदल्या पानगळीतच गेलेले. त्यांना कोण विचारायला जाणार?

बाईंचे डोळे भरून आले. “बाबा शेवटी शेवटी इथे अडखळायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, इथलं काहीतरी मी विसरलोय.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की—नाही, ते कारण नको. मी भ्याले. चूक चालते असं बाई म्हणाल्या होत्या. खोटं चालतं असं नव्हत्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात कोल्हापूरचे एक काका वर्गात आले, मुलाकडे राहायला आलेले. वळल्यावर नेमके माझ्या शेजारी. हळूच म्हणाले, “ताई, ही आपली लेझीम न्हवं?”

“नाही काका,” मी म्हटलं. “ही बाईंच्या वडिलांची.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई डोळे मिटून, हसऱ्या तोंडाने खाली वाकत होत्या. काकाही वाकले. माझ्या कानात हलगी घुमत होती, तळहात गरम झाले होते. दुसऱ्यांदा खोटं बोलले होते मी, आणि त्या दिवशी माझं एकही पाऊल चुकलं नाही.