एक सुताचा व्हॉल्व्ह

"एक सुताचो तो, डावीकडचो."

माझ्या मागून कुणीतरी हळूच बोललं. मी वळून पाहिलं... मागे नुसती भिंत.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर मनातल्या मनात हसत आले, म्हणून हे लिहायला लाज वाटतेय. पण लिहितेच.

डिलाईल रोडच्या चाळीत, सर्वेशच्या खोलीत, भर दुपारी आम्ही तिघं स्पर्धेचा रोबो जुळवत होतो. सर्वेश कॅप्टन, तन्वी वायरिंगवाली, मी नोंदी ठेवणारी — म्हणजे गप्प बसणारी. रोबोचा हात हवेच्या दाबावर चालतो. ती हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं तोंड इंचाच्या आठव्या भागाहून मोठं चालत नाही. मोठं निघालं की तपासणीतच बाहेर, वर्षभराची मेहनत वाया!

आमच्याकडे दोन व्हॉल्व्ह होते. एक नियमातला, एक सरावापुरता आणलेला पाव इंची. बाहेरून अगदी सारखे, नळीची फिटिंग्ज दोन्हींना बसवलेली, त्यामुळे तोंडं झाकलेली. त्यात खंडेनवमी! सर्वेशच्या आईने, म्हणजे काकूंनी, पान्यांसोबत त्यांनाही हळदकुंकू लावलं... नेमकं लेबलवर. पुसायला गेलो तर आकडेच गेले.

"उजवा नियमातला. माहितीये मला," सर्वेश म्हणाला.

"बॅटरीचं पण माहिती होतं ना तुला? उलटी लावलीस!" तन्वी.

तो उजवा बसवायलाच लागला. आणि पुन्हा तोच आवाज, तेच वाक्य. या दोघांनी मानही वर केली नाही.

सूत म्हणजे काय, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आत जाऊन काकूंना कुजबुजत विचारलं.

"इंचाचो आठवो भाग गो. माझे वारलेले सासरे मिलमध्ये फिटर, ते बोलायचे. आता कोण बोलता? तुका कोणी सांगितला?"

अंगावर सर्रकन काटा आला, पण भीती नाही — आनंदच! मी धावत बाहेर आले, सर्वेशच्या हातातला पाना घेतला आणि उजव्याचं फिटिंग उघडून तोंड मोजलं. पाव इंच! मग डाव्याचं. बरोब्बर!

तन्वीने उडीच मारली. "कसं कळलं गं तुला?"

मी खांदे उडवले. डावा-उजवा अंदाजाने जमेलही. पण कधी न ऐकलेला शब्द कानात कुठून आला?

तपासणीच्या टेबलावर परीक्षक सरांनी विचारलं, "पोर्ट साइझ? व्हॉल्व्हचं तोंड केवढं?" सर्वेश तोंड उघडणार, तेवढ्यात मीच मोठ्याने म्हणाले,

"एक सूत, सर!"