दुसऱ्या दिवशी तीन किलोमीटर

नंदा गजभियेनं बावीस वर्षांत सिंगापुरातल्या एकाही मराठी माणसाचं मन दुखवलं नव्हतं. तिचे यजमान शिवदास त्याच बावीस वर्षांतली निम्मी जमिनीखाली होते. वुडलँड्सचा फ्लॅट ते बुओना व्हिस्टाची प्रयोगशाळा, रोज जाऊन-येऊन एमआरटी, म्हणजे भुयारी रेल्वे. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पडली तेव्हा ते म्हणाले, "त्याआधी या बेटाला कडेकडेनं एक फेरी मारतो. पायी, पाच दिवस. मधे कुठल्याच वाहनात बसायचं नाही." डॉक्टरांनी, दुखेल तिथे थांबा, एवढ्या अटीवर होकार दिला होता.

"मग रात्री झोपायला घरी या ना बाबा," त्यांची मुलगी अदिती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "कुठूनही तासाभरात पोचाल, लाह."

"मग ती फेरी नाही, हप्ते झाले."

मुक्काम ठरवायचं काम नंदाकडे आलं. शिवदासांनी नकाशावर वीस-वीस किलोमीटरवर खुणा केल्या होत्या. एका खुणेपाशी बाग होती, एका खुणेपाशी नुसताच पूल. नंदानं त्याच नकाशावर माणसं मांडली. पहिली रात्र पुंगोलला, शिवदासांची मामेबहीण दीप्तीकडे. वीस किलोमीटर, उत्तम. पण तिथून तीन किलोमीटरवर ओळखीतल्या जाईवहिनी राहतात. दीप्तीकडे राहिले आणि आपल्याकडे नाही, हे त्यांना कळणारच, दीप्तीच सांगणार. म्हणून दुसरी रात्र जाईवहिनींकडे. तिसरी ईस्ट कोस्टला शिवदासांचे मित्र प्रबोध भाऊजींकडे, चौथी बुओना व्हिस्टाला प्रयोगशाळेतले सहकारी धम्मानंदांकडे.

"दुसऱ्या दिवशी तीन किलोमीटर?" शिवदासांनी विचारलं. "आणि तिसऱ्या दिवशी तेहतीस?"

"तिन्ही दिवसांची सरासरी वीसच्या आतच येते," नंदा म्हणाली.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला. दुसऱ्या दिवशी शिवदास दीप्तीकडून नाश्ता करून साडेअकराला निघाले आणि साडेबाराला जाईवहिनींकडे जेवायला बसले. उरलेला दिवस सोफ्यात बसून गुडघा आखडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला.

"चांगीच्या पुढे बाकावर बसलोय. गुडघ्याच्या वाटीचं पातेलं झालंय. अजून नऊ किलोमीटर आहेत."

तो ठेवते तोच प्रबोध भाऊजींचा. "वहिनी, त्यानं आत्ताच कळवलं, मी गाडी काढतोय. पंधरा मिनिटांत उचलून आणतो त्याला. भरीत तयार आहे."

प्रबोधना नाही म्हणणं शिवदासांना जमणार नाही, हे नंदाला ठाऊक होतं. ते मुकाट गाडीत बसतील, हरकत नाही म्हणतील, आणि त्या नऊ किलोमीटरांबद्दल जन्मभर अवाक्षर काढणार नाहीत. तेच तिला नको होतं.

"भाऊजी, त्यांना आणू नका. हे आज तुमच्याकडे येत नाहीत."

"आमचं काही चुकलं का वहिनी?"

"माझं चुकलं. जाईवहिनींना वाईट वाटू नये म्हणून मी ह्यांना तीन किलोमीटरवर झोपवलं. कालचे उरलेले किलोमीटर आज पायात आलेत."

"मग झोपणार कुठे तो?"

"बाकापासून जवळच एक हॉटेल आहे. खोली घेतेय मी."

"आपली माणसं असताना हॉटेल?"

"हो," नंदा म्हणाली. पुढे काहीतरी जोडावं असं तिला फार वाटलं. तिनं जोडलं नाही.

प्रबोधनी गाडी काढलीच. भरीत-भाकरी हॉटेलवर पोचवली, शिवदास जेवताना समोर बसून राहिले, गुडघ्यावर बर्फ ठेवला आणि एकटेच परत गेले. चौथ्या दिवशी शिवदास नऊ किलोमीटर चालून त्यांच्याकडे मुक्कामाला पोचले. फेरी सहा दिवसांची झाली. मन कुणाचंच दुखलं नाही, फक्त गुडघा.

सहाव्या संध्याकाळी ते लंगडत ब्लॉकखाली आले. नंदा लिफ्टपाशी उभी होती. त्यांनी मान वर करून अकराव्या मजल्यावरच्या घराकडे पाहिलं.

"लिफ्ट वाहनात धरायची का गं?"

नंदानं प्रश्नाचा नीट विचार केला.

"फेरी इथं खालीच पूर्ण झाली," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.